डाव्या अंगाचा पंप

आमचे तांडेल पाण्याकडे बघत असले की त्यांना हाक मारायची सोय नव्हती. मारलीच, तर न वळता हात वर करून गप्प बसवत. तांडेल म्हणजे माझे सासरे. बोटीचा प्रमुख तो तांडेल, आणि चौलकडचा सगळा कोळीवाडा त्यांना याच नावाने ओळखायचा. मीही मनात तेच म्हणे, तोंडावर मात्र ‘बाबा’. गुडघे गेले, बोट विकली, तरी तांडेलपण सुटलं नाही. पाण्याकडे बघायचं ते आता आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत बघू लागले, एवढाच फरक.

टाकी माझ्या नवऱ्याची, दिनेशची. अलिबागपासून काशीदपर्यंत बंगले आणि रिसॉर्ट उभी राहिली. तिथल्या लोकांना समुद्र दारात असून पुरत नाही, घरातही लागतो. दिनेश त्यांना खाऱ्या पाण्याच्या टाक्या लावून देतो. हॉलमधली सगळ्यांत मोठी. जिवंत पोवळी, त्यांच्यामधून फिरणारे रंगीत मासे, असं सगळं काशीदच्या एका रिसॉर्टसाठी त्याने वर्षभर जपून वाढवलं होतं. पोवळी जागची हलत नाहीत. त्यांना खाणं पाण्यानेच आणून द्यायचं आणि घाणही पाण्यानेच न्यायची. म्हणून टाकीच्या दोन अंगांना आतून दोन पंप चिकटवलेले असतात. ते कुठे लावायचे आणि तोंड कुठे करायचं, यावरून बापलेकांत जे वाजायचं, ते भावकीतल्या जमिनीवरूनही वाजत नसेल.

तांडेल जुन्या जाळ्यातला धागा काठीला बांधून टाकीत सोडत आणि तो कसा वाहतो ते पाहत. धागा लुळा पडला की तिथलं पाणी मेलेलं, फडफडला की तिथे मारा जास्त. दिनेशने पंप थेट पोवळ्यांवर रोखले होते. “अरं, त्यांच्या अंगावर कशाला मारतस? सोलून निंगतील ती. काचंवर मार. आपटून, फिरून येल ना, तवा त्यांना झेपंल.” दिनेशने कुरकुरत पंप वळवले आणि चार दिवसांत मिटलेली पोवळी फुलली. त्या दिवशी तांडेलांनी चहा दोनदा मागून घेतला.

तिथेच थांबले असते तर ते तांडेल कसले. बाहेर समुद्राला जे असतं ते आतल्या पाण्यालाही हवं, असं त्यांचं ठाम मत. अमावास्या-पुनवेला उधाण, म्हणून पंप जोरात. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात, म्हणून पंप संथ. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघून ते बटणं फिरवत, आणि दिनेश आला की परत जागच्या जागी आणी.

“बाबा, ही खाडी न्हाय, टाकी हाय.”

“म्हनून काय तिला अमावस-पुनव नको?”

मला हसू यायचं. पुढे काय होणार हे तेव्हा ठाऊक असतं, तर हसले नसते.

ऐन वैशाखातल्या अष्टमीला आम्ही दोघं पालीला पूजेला गेलो होतो. “पान्याला बी इसावा लागतो,” हे तांडेलांचं आवडतं वाक्य. त्या दिवशी भांगाचं पाणी म्हणून त्यांनी दोन्ही पंप पार बंद केले. थोड्या वेळाने लावणार होते. जेवले, ओटीवर कलंडले आणि डोळा लागला. आम्ही परतलो तेव्हा टाकीतलं पाणी कोमट, स्थिर, आणि मासे वर तरंगत होते. पोवळ्यांवर बुळबुळीत साय धरली होती. हालचाल नाही म्हणून पाण्यात हवा मिसळली नव्हती. समुद्र भांगालाही पुरता थांबत नाही, हे तांडेलांपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? ते धागा हातात घेऊन टाकीपुढे उभे होते. “मेली रं सगली,” एवढंच म्हणाले.

दिनेश त्यांना एक शब्द बोलला नाही. तोच घाव त्यांना जास्त लागला असं मला वाटतं. त्यांनी आपली खुर्ची मागल्या दारी नेली. शेजारी कुणी तांडेल म्हटलं की म्हणत, “पानी ज्याला कललं न्हाय, तो कसला तांडेल?” दिनेशने टाकी पुन्हा उभी केली, “बाबा, धागा सोडा जरा,” म्हणून हाका मारल्या. “तुझं तू बघ,” हेच उत्तर. शेवटी त्याने मुद्दाम पंप वेडेवाकडे लावून ठेवले, निदान चिडून तरी उठतील म्हणून. तांडेल मान फिरवून बाजूने निघून गेले. मला दोघांचाही राग यायचा. एकाने ओरडून घ्यावं, दुसऱ्याने रडून घ्यावं आणि मोकळं व्हावं की नाही? पण आमच्या घरातल्या पुरुषांना दोन्ही जमत नाही.

पावसाळा सरता सरता तांडेल अंथरुणाला खिळले. बोलणं जवळजवळ बंद झालं. एका सकाळी दिनेशने तोच धागा टाकीत सोडला, मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. मला वाटलं, तोंड फिरवतील. ते बघत राहिले. पेज देऊ का, म्हणून मी हाक मारली, तर न वळता त्यांचा हात वर झाला. तोच जुना इशारा. मी दाराशीच थांबले, आणि मला रडू फुटलं.

“डावा वर घे,” ते म्हणाले. “पार वर. वरचं पानी फुटू दे. मंग एकटा जरी चालू रायला, तरी कुनाचा दम कोंडनार न्हाय.”

मागल्या दारी बसून इतके महिने ते काय करत होते, ते मला तेव्हा कळलं.

दिवाळीआधी ते गेले. डावा पंप अजून तिथेच, पाण्याच्या अगदी तोंडाशी आहे. तो दिवसभर गुळगुळ आवाज करतो, तुषार उडवतो, भिंतीवर मिठाचा थर चढतो आणि तो मी दर रविवारी खरवडते. टाकी बघायला येणारी गिऱ्हाइकं सांगतात, पंप जरा खाली घ्या, बरं दिसेल.

“तो तांडेलांनी लावलाय,” दिनेश म्हणतो, आणि त्यांना दुसरी टाकी दाखवायला नेतो.