आत्याचा आंतरपाट
परवा एका लग्नात आंतरपाट धरला आणि मला बेळगुंदीचा मांडव आठवला. लग्न आत्याचं होतं, मी लहान होते. जन्मतःच माझ्या पाठीच्या कण्यात दोष. लघवी आपण होऊन नीट व्हायची नाही, म्हणून ठरल्या वेळी आई नळी घालून काढायची. त्या दिवशी नवरदेवाची मिरवणूक लांबली आणि माझी वेळ नेमकी मुहूर्तावर आली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, हातात अक्षता घेतलेली आई रडकुंडीला आली होती. मुंडावळ्यांआडून आत्यानं ते पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "अण्णा, आंतरपाट आधी तिकडं धर." "मुहूर्त टळतोय," भटजी कुरकुरले. "टळू दे की! अक्षता मागनं पडतील. पोरीला थांबवून चालायचं न्हाय." बाबा आणि काकांनी भिंतीच्या कोपऱ्यात कुंकवाच्या स्वस्तिकाचं ते कापड ताणून धरलं, माझ्याकडे पाठ करून. कुरकुरणाऱ्या भटजींनीच आईच्या हातांवर तांब्यातलं पाणी ओतलं. वाजंत्री वाजतच राहिली. मग तोच आंतरपाट आत्यापुढे गेला. आता नळी मी माझी मीच घालते, ऑफिसातसुद्धा. पण कुणाच्याही लग्नात आंतरपाट बाजूला झाला, की सगळे नवरा-नवरीकडे बघतात आणि मी त्या कापडाकडे.