बाबांचा चोरकप्पा

आमच्या घराण्याला चोरकप्प्यांचा मोठा इतिहास आहे, आणि त्यातला एकही कधी कुणापासून लपून राहिलेला नाही. आजोबांनी कोकणातून आणलेल्या लाकडी पेटीला खोटा तळ होता. तो कसा उघडतो हे अख्ख्या चाळीला ठाऊक. मग लोखंडी कपाट आलं, त्याच्या लॉकरमागे आणखी एक खण. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आई तो कौतुकाने उघडून दाखवायची. वर, "कुणाला सांगू नका हं!"

घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये नवा पलंग करून घेतला, तेव्हा बाबांनी सुताराला बाजूला घेऊन उशाकडच्या फळीमागे चोरकप्पा करायला सांगितला. आमचं घर ते केवढं! स्वयंपाकघरात आईला सगळं ऐकू गेलं.

बाबांना डायबेटिस. डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि बाबा एकदम देवभक्त झाले. रोज संध्याकाळी देवळात जायचे, पेढे देवापुढे ठेवायचे, नि डबा गुपचूप कप्प्यात. प्रसाद कोण टाकणार? डोकं बघा माणसाचं!

आईचा जीव टांगणीला. शुगरने बाबांचा एक डोळा आधीच अधू केला होता. समोर बोलावं तर ते रुसून जेवणार नाहीत, शेजारी वाटावेत तर बिल्डिंगभर बोभाटा. मग बाबा आंघोळीला गेले की ती कप्पा उघडायची आणि बरेचसे पेढे स्वतःच खायची.

"आई, वेडी आहेस का तू?" मी ओरडले.

"तेवढे तरी त्यांच्या पोटात जाणार नाहीत," ती म्हणाली.

वर्षभराने दोघांची तपासणी केली. आईला शुगर निघाली, आणि बाबांची होती त्याहून वाढलेली. माझं डोकंच फिरलं.

"अहो, पण तुमचे पेढे तर मी संपवत होते!" आई म्हणाली.

बाबा ओशाळले. "ते कळलं होतं गं मला. म्हणून तू माहेरी गेलीस तेव्हा पायथ्याला दुसरा कप्पा करून घेतला. माझे त्यात असायचे."

"मग उशाकडच्या कप्प्यात कशाला ठेवत होतात?"

"तुझ्यासाठी. म्हटलं, हिला आवडतात, पण मागायला लाजते."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मला पेढा आवडत नाही हो," ती म्हणाली. "लग्नाच्या आधीपासूनच आवडत नाही."