मोरीच्या मांडीवरची दोन बोटं

केवळाबाई काही डॉक्टर नव्हत्या, पण त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना गावात डॉक्टरचा मान होता. शेळीच्या मागच्या मांडीच्या आत शीर उडते, तिथं बोटं टेकायची, डोळे मिटायचे, की शेळी स्वतःहून सगळं सांगते, असं त्यांचं म्हणणं. बोरीच्या बाजारात अशी नाडी पाहिल्याशिवाय त्यांनी कधी शेळी घेतली नाही. नवरा सटवाजी म्हणायचे, "लग्नाआधी माझी बी बघितली असंल!"

"बघितली असती तर इथं असते का?"

अशा बाईला सरपंच दिनकररावांनी सांगितलं, की कण्हेरीनं शेळी मरत नसते.

झालं होतं असं. पंचायतीनं पाण्याच्या हौदाभोवती कण्हेर लावली, का, तर जनावर तिला तोंड लावत नाही. ते खरंही होतं. हिरवं पान शेळी हुंगते आणि नाक मुरडून पुढं जाते. पण मागच्या आठवड्यात कुंपण छाटलं, फांद्यांचा ढीग हौदापाशीच टाकला. उन्हानं पानं वाळली. वाळलं की पानाचा कडूपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. परवा केवळाबाईंची काळी शेळी गेली. आज दुसरी, मोरी, हौदापाशीच पाय दुमडून बसली.

केवळाबाईंनी बोटं टेकली. ठोके कमी, पण एकेक ठोका घणासारखा, आणि मधेच एक गायब. गावच्या हापशासारखं, दोनदा धो धो पाणी, तिसऱ्यांदा नुसती हवा.

जनावरांच्या डॉक्टरला निरोप धाडून त्या उठल्या आणि थेट ढिगावर जाऊन बसल्या. संध्याकाळी बाकीच्या एकोणीस शेळ्या ह्याच हौदावर यायच्या होत्या.

दिनकरराव धापा टाकत आले. "मावशी, उठा. शेळीनं प्लास्टिक खाल्लं असंल."

"प्लास्टिकनं पोट फुगतंय. काळीज अडखळत न्हाई."

"उगं जिद करायलाव तुमी."

"जिद तर जिद. खड्डा खांदा, ह्ये गाडा. तवर मी हाय इथंच."

"पेटवून देऊ की!"

"आगपेटी ठिवा खिशात. ह्येचा धूर बी वाईट."

मग त्यांनी नातीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. दीपिका परभणीला औषधांचं शिक्षण घेते. फोनमधून आवाज आला, "आजी बरोबर बोलायलीय. कण्हेरीचा अर्क हृदयाचे ठोके मंद करतो अन् एकेक ठोका जोरात मारायला लावतो. मात्रा वाढली की ताल चुकतो. दिनकरआजोबा, तुमची ती सकाळची काळजाची गोळी हाय ना, ती ह्याच्या चुलत्याच्या घरची. मोजून दिली तर औषध, ओरबाडून खाल्ली तर माती."

आता दिनकररावांची गोळी म्हणजे गावाचं घड्याळ. रोज सकाळी पारावर बसून ते मनगट धरायचे आणि मोठ्यानं ठोके मोजायचे. साठाच्या खाली भरले तर गोळी घ्यायची नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. आज ढिगाची खबर आली आणि मोजणी तशीच राहिली.

"या," केवळाबाई ढिगावरूनच म्हणाल्या. "मोजायची सवय हाय तुमाला. बोटं टेका हितं."

दिनकरराव कुरकुरत मोरीजवळ बसले, घड्याळ समोर धरलं. पहिले दहा ठोके आवाजात मोजले. नंतर आवाज बारीक होत गेला. शेवटी नुसते ओठ हलत राहिले.

"किती?"

"एकोणपन्नास. मधे तीनदा थांबली."

"चांगल्या शेळीचे सत्तरच्या वर असत्यात. आता सोताचे मोजा."

सरपंचांनी स्वतःचं मनगट धरलं. घड्याळाचा काटा एक फेरी फिरला.

"एकसष्ट."

"मंग गोळी घ्या," केवळाबाई म्हणाल्या, "अन् खड्डा खांदायला मानसं लावा. छातीइतका खोल."

जनावरांचा डॉक्टर आला, मोरीला सुई टोचली आणि रात्र काढली तर जगेल म्हणाला. खड्ड्यावर शेवटचं फावडं पडेपर्यंत दिवस कलला. एकोणीस शेळ्या घंटा वाजवत हौदावर आल्या. त्यांच्या वाटेत, बुजवलेल्या खड्ड्यावर पदर खोचून उभ्या केवळाबाई एकेकीची मांडी चाचपूनच तिला पाण्याला सोडत होत्या.