घणाच्या दांड्याचं माप

मुरुडच्या स्टँडवर कंडक्टरनं पोत्याला बुटानं ढोसलं आणि विचारलं, "काय हाय ह्यात? दगडं भरली का?"

"ऐरण हाय," अण्णा म्हणाले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो.

कंडक्टरनं पाय मागं घेतला. वाकून पोत्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला. "आधी सांगावं की, मामा. पाय लागला ना." लातूर येईपर्यंत त्यानं त्या पोत्यावर कुणाला पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही.

मी दुसऱ्या वर्षासाठी नांदेडला परत निघाले होते. पहिल्या वर्षी जाताना माय स्टँडवर आली होती, खिडकीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला होता, गाडी हलल्यावर चार पावलं सोबत चालली होती. या वेळी ती आलीच नाही. निघताना उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "घणानं माजे हात घेतले. तुजे घेऊ द्यायची न्हाई मी. तू न्हे ती ऐरण, पर घणाला हात लावलास तर माज्याशी बोलू नगंस."

गावाकडच्या मैत्रिणी अजून विचारतात, इंजिनिअरिंगला गेलेल्या पोरीला लोहारकीचं काय नडलं होतं? खरं सांगायचं तर मलाही ते नीट सांगता येत नाही. प्रयत्न करते.

आम्ही लोहार. माझ्या लहानपणी घरासमोर भट्टी होती. अण्णा ऐरणीपाशी बसून तापलेलं लोखंड सांडशीत धरायचे, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. समोर माय उभी, तिच्या हातात घण. हातोडी टण, घण धाड, हातोडी टण, घण धाड. दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. मला वाटायचं, यांचं भांडण चाललंय आणि ते हे असं भांडतात. पुढे तयार अवजारं बाजारात स्वस्त मिळायला लागली, गावात ट्रॅक्टर वाढले. अण्णा मुरुडमध्येच एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागले. घण मारून मायचे हात आणि खांदा तोवर दुखरे झाले होते. भट्टीच्या जागी तुळस आली.

मग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच महिन्यात आम्हाला सळईचा हूक बनवायला सांगितला. बाकीची मुलं आवाजानं कान झाकत होती आणि मी कान देऊन ऐकत होते. काहीतरी कमी पडत होतं. खूप वेळानं लक्षात आलं की इथं फक्त एकच आवाज आहे, उत्तर देणारा दुसरा आवाज नाही. त्या दिवसापासून डोक्यात एकच प्रश्न बसला. न बोलता मायला कसं कळायचं, कुठं मारायचं, किती जोरात, आणि कधी थांबायचं? पुस्तकात पोलादाच्या तापमानाचा तक्ता होता. याचा तक्ता कुठंच नव्हता.

सुट्टीत घरी गेले तेव्हा अण्णा ऐरण भंगारात द्यायचं बोलत होते. मी म्हणाले, मला द्या.

"न्हेऊन करतीस काय? लोणच्यावर ठिवतीस?"

"भट्टी लावते."

अण्णा हसले. माय हसली नाही.

नांदेडजवळ विष्णुपुरीत मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते त्या काकू देगलूरच्या. मागच्या बाजूला त्यांची म्हैस बांधायची पत्र्याची शेड आहे. म्हैस गेली, शेड उरली. काकूंनी परवानगी दिली, पण अट घातली. "दुपारी मी पडते, तवा टाण टाण नको अम्मा. आन आग माझ्या शेवग्यापासून लांब." पहिल्या दिवशी ऐरण पोत्यातून काढली तेव्हा त्यांनी न विचारता हळद-कुंकू आणून वाहिलं. मग विचारलं, "आता हिला काय करायचं?"

मलाही तोच प्रश्न होता. हळूहळू जमवत गेले. भट्टीला ट्रकचा जुना ब्रेक ड्रम. घरच्या जुन्या भात्याचं कातडं पार फाटलं होतं, म्हणून नांदेडच्या भंगार बाजारातून हातानं फिरवायचा जुना लोखंडी पंखा आणला. तो जाम होता. खोलून रॉकेलमध्ये भिजत घातला तर आतलं ग्रीस काळ्या खडीसाखरेसारखं निघालं. कुणी, कुठल्या गावी हा फिरवला असेल, त्यावर कुणाच्या विळ्या तापल्या असतील, असं मनात येत राहायचं. त्याच्या अंगावर ओतीव अक्षरं होती, पण झिजून त्यांचे नुसते उंचवटे राहिले होते. मी रोज बोट फिरवून बघायचे. अजून वाचता आलेलं नाही. घरून आणलेल्या गंजक्या सांडश्या चिंचेच्या कोळात ठेवून घासल्या. बाभळीचं खोड जमिनीत पुरून त्यावर ऐरण बसवली. पंख्याचं हँडल पहिल्यांदा फिरलं, निखारा लाल झाला, तेव्हा दाखवायला जवळ फक्त काकू होत्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता वांगं भाजू का ह्यात?" आम्ही खरंच भाजलं.

राहिला घण. त्याचं डोकं मी पोत्यात सोबत आणलं होतं, दांडा वाळवीनं खाल्लेला. ते डोकंही घासून चकचकीत केलं आणि अण्णांना फोन केला, दांडा केवढा लावू?

"घणाला माप नसतंय, पूजे. मारनाऱ्याला असतंय. मारनार कोन हाय?"

फोनवर बघितलेल्या लोहारकामाच्या सगळ्या व्हिडिओंत एकटाच माणूस उभा राहून काम करत होता. आपल्याकडं हे काम दोघांचं असतं, हे माहीत असून मी विसरले होते. घणाचं डोकं फळीवर ठेवून दिलं. शेजारी बाभळीची एक लांब काठी उभी करून ठेवली, न कापता.

एकटीनं व्हायचं तेवढं करत राहिले. हूक, खुंट्या, काकूंच्या चुलीचा चिमटा. जाड लोखंड हातोडीला दाद द्यायचं नाही. माय दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. जेवलीस का, थंडी हाय का, आणि मग, "हात दाखव." मी दोन्ही तळवे कॅमेऱ्यासमोर धरायचे. ती बराच वेळ बघायची. भट्टीबद्दल एक शब्द विचारायची नाही.

माघात नांदेडला एक लग्न होतं. त्यासाठी माय आली, एकटीच. लग्न उरकून माझ्याकडे आली, पण शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. दारातच काकूंशेजारी बसली, ज्वारीची कणसं-पाऊसपाणी बोलत. मी तिच्याशी बोलायचं टाळून काम काढलं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा होता, त्याचं खुरपं करायचं होतं. तापवला, हातोडी मारली. पुन्हा तापवला, पुन्हा मारली. तुकडा होता तसाच.

"असं तर पुढच्या पंचमीला व्हईल," माय दारातून म्हणाली.

मी मान वर केली नाही. तेवढ्यात ती उठल्याचा आवाज आला. फळीवरचं घणाचं डोकं तिनं उचललं, अंगठ्यानं पुसलं. मग ती बाभळीची काठी काखेत धरली, हात लांब केला आणि मधलं बोट जिथं टेकलं तिथं नख रोवलं. "कोयता दे."

दांडा बसवला, पाचर ठोकली, पदर खोचला. "बस. दाव कुठं मारायचं."

मी अण्णांसारखी बसले. हातोडीनं जागा दाखवली, टण. घण तिथंच पडला. पुढची जागा मी चुकीची दाखवली, तर घण त्या चुकीच्याच जागी पडला.

"माय, चुकलं ना ते. तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. तू दावशील तितंच पडंल. इच्यार तुजा, जोर माजा."

मग मात्र लय लागली. टण, धाड. हळू टेकवलं की हळू, जोरात टेकवलं की जोरात. इतकी वर्षं जे बाहेरून ऐकलं होतं त्याच्या आत मी बसले होते. खुरप्याचं पान रुंद झालं तेव्हा मी म्हणाले, "थांब." घण पडला. "थांब, माय." पुन्हा पडला. मी ओरडले, काकू ओरडल्या, तरी एक अजून पडला. शेवटी घाबरून मी हातोडी ऐरणीवर आडवी टाकली आणि घण वरच्या वर थांबला.

"तोंडानं थांब म्हनून कोन थांबतंय? आसं म्हन," माय हातोडीकडं बघत म्हणाली. "तुजा बा नवरा हाय माजा, पर ऐरणीपाशी त्याचं तोंड म्या कदी ऐकलं न्हाई."

काकू हसून हसून खोकायला लागल्या.

खुरपं मायनं सोबत नेलं. निघताना तिनं माझे तळवे हातात घेऊन बघितले, या वेळी फोनशिवाय. मग घणाकडं मान वळवून म्हणाली, "माज्या मापाचा हाय. तुला लांब पडतंय. उगं उचलू नगंस."

ते खरं आहे. माय उंच आहे, मी अण्णांवर गेलेय. दांडा माझ्या काखेत धरला तर हाताच्या चार बोटं पुढं जातो. कापून आखूड करणं सोपं आहे, पण मी कापलेला नाही.

गाव सोडून गेलेले आणि गावात राहिलेले, दोघंही विचारतात, घर आता कुठलं वाटतं, इकडचं की तिकडचं? मला अजून ठरवता येत नाही. पण म्हशीच्या त्या रिकाम्या शेडमध्ये आता माझ्या मापाचं नसलेलं एक अवजार भिंतीला टेकून उभं आहे. रविवारी माय अजून म्हणते, "हात दाखव." ते बघून झाले की म्हणते, "घण दाखव. पाचर ढिली तर न्हाई झाली?"