व्याह्यांनी पारखलेलं मशीन

अख्ख्या दौंड तालुक्यात आमच्या व्याह्यांइतका संशयी माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला असणार! कलिंगड ते कानाशी धरून वाजवतात, तिथवर ठीक. पण कारेगावच्या दुकानात त्यांनी प्रेशर कुकरही वाजवून बघितला होता. एसटीत चढण्याआधी टायरला लाथ मारतात. एकदा कंडक्टर म्हणाला, "आबा, गाडी इकत घ्यायचीय का?" "न्हाई बाबा, हिच्यात जीव ठिवायचाय." जन्मभर त्यांनी बाजारात बैल पारखले. आता गोठा रिकामा आहे, तरी जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्यापुढं बैल होऊनच उभी राहते.

त्यांची लेक, म्हणजे माझी सून, शिरूरला आमच्या घरामागं टोमॅटो-लसणाचा सॉस करते. पळीनं बाटल्या भरून मनगटं दुखायला लागली, मागणी वाढली, तेव्हा तिनं पाटल्या मोडून बाटल्या भरायचं मशीन घ्यायचं ठरवलं. मशीन चुकलं असतं तर पाटल्याही गेल्या असत्या आणि धंदाही. आम्ही तिघं शिक्रापूरच्या एका कारखान्यात गेलो. व्याह्यांच्या मांडीवर दुधाची किटली, तीत लेकीचा सॉस!

तिथं आठ नळ्यांचं चकचकीत मशीन बघून मी खुळावलोच. मालकानं पाण्यावर चालवून दाखवलं. बाटल्या काय फटाफट भरल्या! "हेच घ्यायचं," मी जाहीर केलं. व्याही म्हणाले, "पाणी व्हय? पाणी तर गळक्या पत्र्यातनंबी झकास पडतंय. आमचं घाला." आणि किटली पुढं केली. मालकानं नाइलाजानं सॉस ओतला. तरीही बाटल्या भरल्या! मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात व्याह्यांचा हुकूम सुटला, "आता बंद करा. सॉस आत ऱ्हाऊ द्या. आमी जेवून येतो."

"आबा, मशीनला कुठं भूक लागते?" मालक हसला.

"नसंल लागत. पर चालताना समदेच बैल झ्याक दिसत्यात. बसून उठताना बघावा. लंगडा असला तर तवाच कळतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची पाठ वळताच मी मालकाकडं बघून कपाळाशी बोट फिरवलं.

व्याह्यांनी मिसळ इतकी सावकाश खाल्ली, की हॉटेलवाल्यानं टेबल दोनदा पुसलं. परत येऊन मशीन सुरू केलं, तर काय! लसणाचे कण आत सुकून दोन नळ्या रुसलेल्या आणि उरलेल्या ठिबकून बाटल्या माखवत होत्या. कोपऱ्यात दोन नळ्यांचं, दट्ट्यानं सॉस ढकलणारं एक साधं मशीन होतं. व्याह्यांनी त्याला प्रदक्षिणा घातली, त्यात सॉस ओतायला लावला, चालवलं, थांबवलं आणि पुन्हा सगळ्यांना चहाला नेलं! आल्यावर बटण दाबलं. सॉस बाटलीत पडला, धार कचकन तुटली, बाहेर एक थेंब नाही.

"उठला! उठला बघा!" व्याही असे ओरडले, की वेल्डिंग सोडून कामगार धावत आले.

"आप्पा, हेच!" लेकीनं त्यांचा हातच धरला. व्याह्यांनी मशीनच्या पाठीवर थाप मारली.

मशीन घरी आलं, पूजा झाली आणि गल्लीतल्या बायका माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मामांची पारखच न्यारी!" शाल माझ्या खांद्यावर पडली. मी बोलायला हवं होतं. बोललोही, पण दट्ट्याच्या फायद्यांवर! सगळ्यात जोरात टाळ्या व्याह्यांनी वाजवल्या. म्हणून आज लिहून टाकतो : ते मशीन मी निवडलेलं नाही. मी निवडलं असतं, तर सुनेच्या पाटल्या अजून थेंबथेंब ठिबकत असत्या.

परवा व्याही आले होते. जेवण झालं, मागं मशीनचा ठेका चालू होता. चटईवरून उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि अर्ध्यातच अडकले. मी बघतोय हे त्यांनी हेरलं.

"काय पाव्हणं, पारखताय व्हय?"

"छे, मशीन बघतोय," मी म्हणालो, आणि तिकडं वळलो. ते उठून उभे राहीपर्यंत मी मान फिरवली नाही.