टेबलावरची जास्वंद

दीक्षानं चार वाक्यं पाठ केली होती. लांज्याहून रत्नागिरीला येताना एस.टी.त ती इतकी पुटपुटत होती की शेजारच्या बाईंनी विचारलंच, "परीक्षा आहे का?"

परीक्षाच म्हणायची. वनस्पतीशास्त्रातल्या नवख्या संशोधकांच्या बड्यांशी ओळखी व्हाव्यात म्हणून मेळावा होता. एका टेबलाशी थोडा वेळ बसायचं, घंटा वाजली की उठून पुढच्या टेबलाशी. दीक्षाची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. कुणी प्रकल्पात घेतलं तर गावच्या सड्यावरचं, त्या कातळाच्या माळावरचं काम पुढे चालणार, नाहीतर सुहासदादानं मुंबईत ऑफिसातली नोकरी बघून ठेवली होती.

"दोन वर्षं तेरडे मोजलेस गो," तो फोनवर म्हणाला होता, "आता जरा माणसं बघ."

पुण्याच्या राही मॅडम वेड्यावाकड्या उमलणाऱ्या फुलांवर काम करायच्या. दीक्षाला भेटायचं होतं ते त्यांनाच. ती समोर बसली.

"हं, बोल."

चारही वाक्यं पळाली. "मी दीक्षा," ती म्हणाली. ते तर छातीवरच्या बिल्ल्यावरही लिहिलेलं होतं.

मॅडम वाट बघत राहिल्या. बोलायला सुचेना, तशी दीक्षाची बोटंच कामाला लागली. टेबलावरच्या पेल्यातली दुहेरी जास्वंद बशीत उकलून, पाकळ्या बाहेरून आत अशा ओळीनं मांडूनही झाल्या, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

"अगं ए!" मेळाव्याची व्यवस्था बघणारा ऋत्विक चहा घेऊन आला होता, तो ओरडला. फुलं त्याच्या परसातली होती. "शोभेला ठेवलंय ते! सकाळपासून बदलून बदलून थकलो. एका टेबलावर धड फूल राहू देत नाहीत ही माणसं."

"झेंडू ठेवायचास," मॅडम म्हणाल्या. "उकलायला वेळ तरी लागला असता." त्यांनी बशी ओढली. एका पाकळीच्या कडेला पिवळा ठिपका होता. "हे काय?"

"पुंकेसर, मॅडम. पाकळी व्हायला निघालेला, अर्ध्यात राहिलाय." आणि मग तिला थांबवेना. "तेरड्याच्या फुलाला मागे एक शेपटी असते ना, आमच्या सड्यावर एका कोपऱ्यात दोन शेपट्यांची फुलं येतात. दोन्ही वर्षं आली."

घंटा वाजली. पुढचा मुलगा येऊन उभा राहिला. मॅडमनी त्याला हातानंच थोपवलं.

"पावसाळ्यात दाखवशील?"

"फेलोशिप मार्चमध्ये संपतेय. तुमच्या प्रकल्पात मला घ्याल का?" पाठ केलेलं चौथं वाक्य ते हेच.

"जागा एकच आहे. अर्ज कर, फोटो जोड. शब्द देत नाही हं."

स्टँडवर पोचते तोच दादाचा फोन. "झालं काम?"

"अर्ज करायचाय."

"म्हणजे नाही झालं. इथल्या साहेबांना काय सांगू?"

"सांग, ह्या पावसाळ्यात मला जमणार नाही."

"आणि मॅडमनी नाही घेतलं तर?"

"तरी तेरडा उगवणारच ना, दादा."

मग म्हणाला, "छत्री तरी धड आहे का तुझी?"