होडीचं पहिलं तेल

माझ्या धाकट्या भावाने बनवलेल्या होडीला रंग लावायचा की नाही, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमीन विकतानाही झाली नव्हती. होडी हातभर लांबीची. आमची जुनी रेती वाहायची होडी भंगारात निघाली, तेव्हा तिची एक फळी त्याने हट्टाने ठेवून घेतली होती. त्या सागवानाच्या पातळ पट्ट्या काढून, आईच्या मोदकाच्या पातेल्यावर वाफ देऊन वाकवून, एकेक चिकटवत त्याने तिच्यासारखीच दुसरी उभी केली. डोलकाठी आणि सुकाणू मात्र धोट्याचं. धोटा म्हणजे लूमवर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. आमच्या पुढच्या गाळ्यात भाड्याने लूम चालायचे, तिथे झिजलेले धोटे ढिगाने पडलेले असत.

होडीचं अंग घासून घासून त्याने इतकं गुळगुळीत केलं होतं की हात फिरवला तर पट्ट्यांचे सांधे लागत नसत. राहिलं होतं ते वरचं काम. बाबांचं म्हणणं, होडीला वरून निळा आणि खालून तांबडा ऑइलपेंट पाहिजेच. बिनरंगाची होडी म्हणजे बिनआंघोळीचं माणूस. भावाला रंग अजिबात नको होता. लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत, एवढंच तो म्हणायचा. मी सुचवलं की शोरूमच्या फर्निचरसारखं चकचकीत पॉलिश मार. त्यावर तो हसला. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर असल्यामुळे मला जगातली प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलीच आवडते, असं त्याचं मत होतं. ते फारसं चुकीचंही नव्हतं.

असं कशालाच कशाचा मेळ नसताना एका उधाणाच्या भरतीत भाऊ ज्या होडीवर कामाला जायचा ती रेतीने काठोकाठ भरलेली असताना खाडीच्या तळाला बसली. तिच्यावरचे बाकीचे पोहत तिवरांना जाऊन लागले. माझा भाऊ लागला नाही. पोहण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, आणि तोच तेवढा राहिला. आम्ही अंजूरपासून खारबावची बाजू धरून पार वसईच्या तोंडापर्यंत खाडी पालथी घातली. मिळालं काहीच नाही.

काहीच मिळालं नाही, हेच आईने धरून ठेवलं. एवढा पोहणारा पोरगा बुडेल कसा? त्याला एखाद्या ट्रॉलरने उचललं असेल, गुजरातच्या बाजूला नेलं असेल, डोक्याला मार लागून नाव-गाव विसरला असेल. रात्रीच्या सिरियलमध्ये माणसं अशीच परत येत, आणि आमच्याकडे त्या सिरियलींवर वेदापेक्षा जास्त विश्वास. मीही तोंड उघडून खोडून काढत नव्हतो. तिने सांगितल्यावर मी त्याचा मोबाइल लावून बघायचो, स्विच्ड ऑफ आहे म्हणायचो, आणि ती म्हणायची, चार्जर कुठे असणार त्याच्याजवळ.

भावकीतली मोठी माणसं अखेर बाबांना म्हणाली की देह मिळत नाही तेव्हा पिठाचा पुतळा करून अग्नी देतात, दहावं-तेरावं उरकून घ्या, पोराला अडकवून ठेवू नका. बाबांना ते पटलं होतं. आई आतून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की पुतळा ज्याला करायचा असेल त्याने आधी मला सरणावर ठेवावं. त्यानंतर तो विषय कोणी तिच्यासमोर काढला नाही. पण विषय घरातच बसून होता.

त्याच्या होडीलाही तिने कोणाला हात लावू दिला नाही. कपाटावर ठेवली होती, तिथेच राहिली. पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी धरली आणि नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन पट्ट्यांचा सांधा सुटायला लागला. मी म्हटलं, लाकूड उघडं राहिलं तर वर्षभरात कुजून जाईल, काहीतरी लावलंच पाहिजे. आई विचारात पडली. तिची अडचण मला ठाऊक होती. आमच्या घरात होडीला पाण्यात लोटण्याआधी मुशीचं तेल चोळतात. मुशी म्हणजे लहान शार्क. ते तेल लाकडात मुरलं की खारं पाणी आत शिरत नाही. नव्या होडीला पहिलं तेल मालकानेच लावायचं. मालक गावाला गेला असेल, आजारी असेल, तर होडी कोरडी थांबते. दुसऱ्या कोणाचा हात तिला लागतो तो फक्त मालक वारल्यावर. बाबांच्या पहिल्या होडीला त्यांनी स्वतः लावलं होतं. आजोबांच्या शेवटच्या होडीलाही बाबांनीच लावलं, आणि ते का, हे आईने डोळ्यांनी पाहिलेलं.

“तेल न्हाय,” ती म्हणाली. “पालिश लाव. पालिशला कोनाचाबी हात चालंल.”

मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी भिवंडीत जाऊन चपडा लाख, स्पिरिट, पॉलिश पेपर असं सगळं घेऊन आलो. बुरशी पुसली, सांधा चिकटवला आणि पहिला हात मारला. आमच्या घराची हवा मी विसरलो होतो. पुढे लूम चालू असले की कापसाची तूस घरभर उडते, पाण्याच्या हंड्यावर, भातावर, भुवयांवर बसते. ओल्या पॉलिशवर ती अशी बसली की होडीला दाढी आली. मग मी लोडशेडिंगची वाट बघू लागलो. लाईट गेली, लूम थांबले, तूस खाली बसली की घामाने निथळत एकेक हात मारायचा. सगळी भिवंडी लाईट गेली म्हणून शिव्या घालत असताना मी एकटाच खूश असायचो.

पण पॉलिश वाळेना. दिवस गेले तरी बोट लावलं की ठसा उठायचा. वर पांढुरकी साय धरायची. मी ते सगळं खरवडलं आणि दुकानदाराने दिलेलं दुसरं, महागातलं लॅकर आणलं. ते वाळलं, आणि आठवड्यात कांद्याच्या सालीसारखं निघून हातात आलं. बाबा ओट्यावर बसून हे सारं बघत होते. दम्याने त्यांना फार बोलता येत नसे, आणि मला वाटायचं की रंग लावला नाही म्हणून ते रुसले आहेत.

“ते लाकूड तेल पिऊन बसलंय,” ते एकदा म्हणाले. “आपल्या होडीची फळी हाय ती. तिच्यावर दुसरं काय चढनार?”

ऑइलपेंट? मी विचारलं. तोही उतरेल, ते म्हणाले. म्हणजे इतके दिवस ते ज्या रंगासाठी भावाशी भांडत होते तो या होडीवर टिकणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मग भांडलात कशाला, असं मी चिडून विचारलं. पोराशी बोलायला काहीतरी लागतं, ते म्हणाले.

मी पुन्हा सगळं खरवडून लाकूड मोकळं केलं. धूळ काढायला ओलं फडकं फिरवलं, आणि लाकडाच्या रेषा वर आल्या. काळसर, मधाळ, नाळेपासून मागपर्यंत सलग वाहत गेलेल्या. भाऊ जे बघायला मागत होता ते हेच. मी आईला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा सैल झाला. मग पाणी उडून गेलं आणि लाकूड पुन्हा राखेच्या रंगाचं झालं. तेलाने हे कायम राहिलं असतं. तिलाही ते कळलं होतं, आणि ती जायला वळली.

माझा संयम सुटला. होडी आहे, देव नाही. आहे ती तरी नीट राहू दे. असं काय काय बोललो, आणि शेवटी जे बोलायचं नव्हतं ते बोललो.

“आये, त्यो येनार न्हाय.”

ती परत वळली. “तुला नक्की म्हायती हाय? मंग लाव तेल. आता लाव, माझ्यासमोर. तुझ्या हातानं.”

तेलाची बाटली मोरीवरच्या फळीवर होती. मी ती काढली, बूच उघडलं, फडकं घेतलं, आणि माझा हात पुढे जाईना. तिचा राग येत होता, माझा स्वतःचाही येत होता. पण खरं सांगायचं तर माझ्याही पोटात कुठेतरी तो वसईच्या धक्क्यावर उतरत होता, रिक्षा बघत होता. मी बूच लावलं. आई होडी उचलून कपाटावर ठेवायला गेली. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांशी फार जपून बोलू लागलो.

पुढचा पितृपंधरवडा आला. बाबांनी आपल्या आईवडिलांची पानं वाढली, कावळे आले, जेवणं झाली. धाकट्याचं पान नव्हतं. ताटही नव्हतं. जिवंत माणसांत तो जेवत नव्हता आणि मेलेल्यांतही त्याला कोणी वाढत नव्हतं. बाबा ओट्यावर धाप टाकत बसले होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, मी गेल्यावर या पोराला कोण वाढणार? तू तर बाटली उघडून बंद केलीस. त्यात टोमणा नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई खारबावला मावशीकडे गेली होती. मी ड्युटीवरून संध्याकाळी घरी आलो तर बाबा ओट्यावर बसलेले, मांडीवर होडी, शेजारी वाटी. तेल चोळून झालं होतं. एकही जागा सुटली नव्हती. होडीची प्रत्येक रेष दिसत होती. इतकी सुंदर वस्तू आमच्या घरात तोवर आली नव्हती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

“बेस लाकूड हाय,” बाबा म्हणाले. त्यांच्याकडून धाकट्याला मिळालेली पहिली शाबासकी ती.

आईची रिक्षा आली तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. होडी लपवावी असं मला वाटलं, पण मुशीच्या तेलाचा वास कुठे लपवणार? तो रस्त्यापर्यंत जातो. आई पायरीपाशी थांबली. पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, बाबांच्या हातांकडे पाहिलं. हात कोपरापर्यंत तेलकट होते. मला वाटलं ती आता त्यांच्या अंगावर धावून जाईल. ती पायरीवरच खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला. भाऊ गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. आता ती त्याचं नाव घेऊन रडत होती, गेलेल्याचं घेतात तसं.

गाळ्यातल्या लूमवाल्या चाचांनी बाहेर येऊन बघितलं आणि आत जाऊन सगळे लूम बंद केले. लाईट होती तरी. मग आळीतल्या बायका आल्या. काय झालं, कोण गेलं, असं एकीनेही विचारलं नाही. एकीने आमची चूल विझवली, एक आईला धरून बसली.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. तसा तो आला. शेजारच्या काकींनी घास कालवून आईच्या तोंडाशी नेला. इतके महिने असा कुठलाही घास तिने घरात येऊ दिला नव्हता. तिने एकदा रस्त्याकडे बघितलं, आणि तोंड उघडलं.